बांगडा, भर दुपारी, खिडक्या उघड्या टाकून

तंजावरला लोक मोठं देऊळ बघायला जातात. मी गेले ती माझ्या थोरल्या बहिणीला बांगडा खायला घालायला. हसायचं असेल तर हसून घ्या. वेंगुर्ल्यात शेजारीपाजारी हसलेच. "एवढ्या लांब माशासाठी? तंजावरजवळचं नागपट्टणम काय समुद्रावर नाही?" आहे हो, समुद्र तिथेही आहे. अडचण माशाची नव्हतीच.

नंदाताई लग्न होऊन तंजावरच्या मराठी घरात गेली त्याला आता तीस-पस्तीस वर्षं झाली. भोसल्यांच्या काळात तिकडे जाऊन राहिलेलं कुटुंब, पापनाशमजवळ भाताची शेती, शहराच्या कडेला नवीन कॉलनीत सिमेंटचं घर. भावोजी मासे खाणारे आणि आवडीने खाणारे. मागच्या वर्षी ते गेले आणि ताईच्या ताटातला मासाही गेला. त्या घरात बाई विधवा झाली की मासमच्छी सोडते. कुणी तोंडाने सांगत नाही, फक्त मासे आणणं बंद होतं.

मग एकदा फोनवर ती सहज म्हणाली, "डॉक्टरीण बोलली, रक्तात चरबी वाढलीय, ड जीवनसत्त्व कमी आहे. बांगडा, तारली खा म्हणाली."

"मग खातेस ना?"

"आता काय गो खायचं," ती म्हणाली.

मी तिकीट काढलं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: आमच्याकडून सरळ गाडी नाही. मडगावला रेल्वे पकडायची, कोईमतूरला बदलायची, तिथून त्रिचीवरून तंजावर. आरक्षण लवकर करा. कोकणातून केरळात उतरताना डब्यातल्या एका मावशींनी माझी पिशवी हुंगून विचारलं, "काय गो नेतंस?" तिरफळं, आमसुलं आणि घरचं खोबरेल. "सामान नेतेस की सासर?" म्हणाल्या. मी म्हटलं, "माहेर नेतेय."

त्रिचीच्या पुढे कालवे, नारळ आणि हिरवीगार भातशेतं सुरू होतात. ताई स्टेशनवर आली होती. तिच्या ब्लाउजच्या बाह्या सैल झाल्या होत्या.

घरात ती आणि तिची थोरली नणंद, अशा दोघीच. नणंदेला सगळे अक्का म्हणतात. अक्कांचं मराठी जुन्या पद्धतीचं, त्यावर तमिळ हेल. मला बघून म्हणाल्या, "बैसा. कॉफी घ्या. प्रवासीं शिणला असाल." कॉफी अशी फक्कड की मी दोनदा घेतली. अक्का ऐन तारुण्यात विधवा झाल्या आणि भावाच्या घरी परत आल्या. तेव्हापासून त्यांनी माशाला हात लावलेला नाही. वाईट बाई नाहीत. ताईच्या बाळंतपणात त्यांनीच सगळं केलं होतं. पण त्या घरात काय चालतं आणि काय चालत नाही, हे त्याच ठरवत.

दुसऱ्या दिवशी देऊळ पाहिलं. सकाळी लवकर जा, नाहीतर दगडी फरशीवर पाय भाजतात. तिथून परतताना मी माझा बेत ताईपुढे मांडला. बस स्टँडजवळ एक मेस हेरली होती. केळीच्या पानावर भात, माशाचं चिंचेतलं कुळंबु म्हणजे त्यांची आमटी, वर तव्यावरचा तुकडा. "तिथे तुला कुणी ओळखत नाही. रोज दुपारी देवळाला म्हणून निघू, जेवून येऊ."

ताई चालता चालता थांबली. इतका वेळ मवाळ बोलणारी माझी बहीण एकदम लहानपणीच्या आवाजात म्हणाली, "लपून कशाला? मी काय चोरी केलीय? नवरा मेला माझा. त्यात माझा काय गुन्हा?"

मी मेसचा विषय तिथेच सोडला.

"खाईन तर घरात खाईन," ती म्हणाली. "माझ्या चुलीवर. भर दुपारी."

मग आम्ही बस पकडली. (साध्या टाऊन बसमध्ये बायकांना तिकीट पडत नाही. आम्ही बुधवारी दोन्ही वेळा फुकट फिरलो.) कीळवासलच्या मासळीबाजारात गेलो. माल रात्री किनाऱ्यावरून बर्फात येतो, म्हणून सकाळी जितक्या लवकर जाल तितकं बरं. बांगड्याला तिकडे कानांगेळुत्ती म्हणतात. नाव असं की मला तीनदा म्हणूनही जमलं नाही. सुरमईच्या मानाने कितीतरी स्वस्त. डोळा चकचकीत हवा, कल्ला लाल हवा, मासा आडवा धरला तर ताठ राहायला हवा. बांगडा लवकर बिघडतो आणि बिघडलेला बांगडा शिजवूनही बाधतो, तेव्हा या बाबतीत भीड धरू नका. नाक लावून बघा.

कोळीण ताईला बघून उठलीच. तमिळमध्ये काहीतरी म्हणाली. ताईने मला सांगितलं, "विचारतेय, अम्मा, इतके दिवस कुठे होतीस?"

"तू काय म्हणालीस?"

"घरातच होते म्हटलं."

घरी आलो तर अक्का दारातच उभ्या. पिशवीतून पाणी ठिबकत होतं, सांगायची गरजच नव्हती.

"नंदा, हें काय?"

"बांगडे, अक्का."

"पाहुणीस हवे असतील तर मागें अंगणांत करा. तूं खाणार नाहींस ना?"

"मीच खाणार आहे."

अक्कांचा आवाज चढला नाही. तेच जास्त लागलं. "मीं सोडलें तेव्हां माझें वय काय होतें ठाऊक आहे तुला? कधीं एक शब्द काढला मीं?"

ताईने पिशवी खाली ठेवली. म्हणाली, "नाही काढलात. तुम्हाला कुणी विचारलंही नाही, अक्का. ते वाईट झालं. फार वाईट झालं. पण मला तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मला खायचंय. डॉक्टरीण सांगते म्हणून पण, आणि मला आवडतो म्हणून पण. ती नसती बोलली तरी खाल्ला असता."

अक्का आपल्या खोलीत गेल्या. कडी लागल्याचा आवाज आला.

मी स्वयंपाकघराची खिडकी लावायला गेले. "उघडी ठेव," ताई म्हणाली. "सगळ्या उघड."

आता कृती, कारण निम्मे लोक त्यासाठीच वाचत असतील. डोकं, कल्ले आणि पोट साफ करा, पोटातली काळी साल खरवडून काढा, नाहीतर कडवट लागतं. बांगड्याला खवलं जेमतेम असतात. तुकड्यांना मीठ, हळद आणि आमसुलाचं पाणी लावून जरा वेळ ठेवा. ओलं खोबरं, भिजवलेल्या सुक्या मिरच्या, धणे आणि छोटा कांदा एकत्र वाटा. वाटण पातेल्यात उकळलं की ठेचलेली तिरफळं आणि आमसुलं घाला, मग तुकडे सोडा. त्यानंतर पळी घालून ढवळू नका. पातेलं कडेला धरून हलवा. पाच-सात मिनिटांत होतं. वरून कच्चं खोबरेल. ताईने तिळाचं तेल घातलं. "इथे एवढी वर्षं काढली, थोडं इथलं पण असू दे," म्हणाली. मान्य करते, चव छान येते.

आणि 'तेलकट मासा, हृदयाला वाईट' असं सांगत फिरणाऱ्यांसाठी: बांगड्याचं तेल म्हणजे भज्यांच्या कढईतलं तेल नव्हे. त्यात ओमेगा-३ असतं, ड जीवनसत्त्व असतं, प्रथिनं असतात. हृदयासाठी आठवड्यातून एक-दोनदा असा मासा खावा असं डॉक्टरच सांगतात. मात्र रवा लावून तेलात पोहायला सोडलात तर फायदा कमी होतो. आमटी, आमचं दाटसर तिखलं, नाहीतर तव्यावर थोड्या तेलात भाजलेला बरा. युरिक ॲसिडचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मासा गोळीच्या जागी नाही, गोळी चालूच ठेवा. पण भीतीपोटी ताटातून काढून टाकू नका. कुणाच्या रूढीपोटी तर मुळीच नको.

ताई जेवायला बसली. पहिल्या घासाला काटा काढला, मासा तोंडात घातला आणि रडायला लागली. मी पाणी पुढे केलं. तिने हाताने नको म्हटलं, रडत रडतच जेवत राहिली आणि आणखी भात मागितला. रस्त्यावरून जाणारी एक बाई वास आल्यावर क्षणभर थबकली. ताईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बाई पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का जवळच्या ओरत्तनाडूला पुतण्याकडे निघून गेल्या. मला वाटलं, ताई आता खचेल. खचली नाही, पण झोप तिला लागेना. "माझ्यामुळे म्हातारी घर सोडून गेली," म्हणायची. तरी रविवारी तिने पुन्हा मासे आणले. या वेळी एकटीच गेली, मला उठवलंही नाही.

मी निघायच्या आदल्या दिवशी अक्का परत आल्या. स्वतःची वेगळी शेगडी मागच्या पडवीत मांडून घेतली. तडजोड म्हणा, निषेध म्हणा. दुसऱ्या दिवशी माझी रिक्षा दारात आल्यावर मला म्हणाल्या, "तुम्हीं बिघडवलेंत हीस."

"नाही अक्का. ती मुळात अशीच आहे. आमच्या आईने आम्हांला असंच वाढवलंय."

त्यांनी वाटेसाठी दहीभाताचा डबा दिला. रागातच दिला, पण दिला. लोणच्यासकट.

वेंगुर्ल्याला येऊन आता काही महिने झाले. 'काय मिळालं तंजावरात?' असं विचारणाऱ्यांना मी देवळाचे फोटो दाखवते. खरं सांगायचं तर, मी तिला सोडवायला गेले होते आणि ती माझ्या मदतीची वाट बघत थांबलीच नाही. त्या घरात सगळं गोड झालेलं नाही. ताई बुधवारी आणि रविवारी मासे करते, अक्का अजून वेगळं शिजवतात. ताईची पुढची तपासणी व्हायचीय, तिचे आकडे सुधारतील की नाही, मी काही छातीठोक सांगणार नाही.

पण परवा तिचा फोन आला. कुटुंबात साखरपुडा होता, सगळे नातेवाईक जमले होते. पंगतीत तिच्या चुलत जावेने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "नंदा, तू मासे खातेस म्हणे?"

"मग?" मी विचारलं.

"हो म्हटलं," ताई म्हणाली. "आणि विचारलं, जेवायला कधी येताय? बुधवारी की रविवारी?"