डाव्या टाचेची झीज

बाबांचे जाड तळव्यांचे जुने काळे बूट मी आता ऑफिसला घालतो. एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले, तर एकेक बूट किलोला थोडाच कमी भरला.

“अहो, त्यावर मी रवा मोजते!” बायको ओरडली. “नवे हलके घ्या की!”

हलक्या बुटांत मला पाय टेकल्यासारखं वाटत नाही. पण आज पॉलिश करताना डावी टाच बाहेरून झिजलेली दिसली. बाबांची अशीच झिजायची. पुढे तो पाय त्यांना ओढावा लागला. टाचा तर मी दिवाळीतच नव्या बसवल्या होत्या. म्हणजे ही झीज माझी.

जिना उतरू लागलो, तर वरून बायकोने विचारलं, “पाय का ओढताय?”

“बूट जड आहेत,” म्हणालो आणि उरलेल्या पायऱ्या पाय उचलून उचलून उतरलो.