मामेसासऱ्यांचं ग्रीक आणि माझा उजवा हात

बुऱ्हाणपुरात शहाण्या माणसांची कधीच टंचाई नव्हती. त्यामुळे कुणी कुणाला काही विचारत नसे, जो तो सांगत असे. अख्ख्या गावात विचारणारा माणूस एकच, आणि तो नेमका आमच्या घरात होता. माझे मामेसासरे, म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. शाळेत मास्तर होते, आमच्या ओसरीलगतच्या खोलीत राहायचे, आणि गाईचं दूध काढण्याआधी तिच्यासमोर उभं राहून "काढू का गं?" असं विचारायचे. गाय काय बोलणार? पण ती मान हलवेपर्यंत मामा थांबायचे, आणि माश्या उडवायला का होईना, गाय मान हलवायचीच. बहादरपूरच्या मळ्यात केळीचा घड उतरवायचा असला तरी हाच प्रकार. सालदार कोयता घेऊन खोळंबलेला आणि मामा केळीच्या बुंध्यावर हात ठेवून डोळे मिटून उभे. सालदार म्हणायचा, "मास्तर, ही हो म्हनली का नाही, ते सांगा. नाही म्हनत असंल तं मी जेवाले जातो."

लग्नही या खोडीपायीच राहिलं. मुलगी पाहायला गेले, तिथे बाप बोलला, काका बोलला, पत्रिका तर सगळ्यांत जास्त बोलली. मग मामा सरळ मुलीकडे वळले आणि म्हणाले, "तुला मी पसंत आहे का?" तिला जन्मात कुणी असं विचारलं नसावं. तिने वर पाहिलं, मामांना नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "नाही." मामांनी पुढ्यातला शिरा संपवला, तिला नमस्कार केला आणि मोठ्या आनंदात घरी आले. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे येड्या, पोरी अशा वेळी लाजतात. ती बोललीच कशी?"

"विचारलं म्हणून बोलली, अक्का," मामा म्हणाले. त्यानंतर त्यांना कुणी मुलगी दाखवली नाही.

हे खूळ त्यांच्या डोक्यात ग्रीक भाषेने भरवलं होतं. एक परदेशी पाद्री मराठी शिकायला गावात राहिला होता. मामांनी त्याला मराठी दिली आणि बदल्यात ग्रीक घेतलं. पाद्री निघून गेला, ग्रीक आमच्या घरात राहिलं. गावातल्या इतवारा पेठेत एका म्हाताऱ्या हकीमसाहेबांच्या दारावर 'युनानी दवाखाना' अशी पाटी होती. मामा ती वाचून आत शिरले आणि म्हणाले, "युनानी म्हणजे ग्रीक. तुम्ही-आम्ही एका गावचे निघालो." हकीमसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मास्टरसाब, खाँसी हो तो बैठिए. गाँव का बाद में देखेंगे." मामांना खोकला नव्हता, तरी ते बसले, आणि पुढे रोजच बसू लागले.

पाद्र्याने जाताना त्यांना एक नवाकोरा शब्द दिला होता. त्याच्या देशात कुणा गृहस्थाने दोन जुने ग्रीक शब्द सांधून तो तयार केला होता. मी जात्यावर बसले की मामा समोर येऊन तो उलगडत. "बिओस आणि एथोस. सूनबाई, ग्रीकांकडे जगण्याला शब्द दोन. झोए म्हणजे नुसतं जिवंत असणं. ते डासालाही जमतं. बिओस म्हणजे आपण जगतो ते आयुष्य, ज्याचं त्याचं वेगळं. आणि एथोस म्हणजे रीत, वळण, स्वभाव. पण फार जुन्या काळी त्याचा अर्थ होता जनावराची नेहमीची जागा. संध्याकाळी गाय न हाकलता आपल्या खुंट्याशी येऊन उभी राहते ना, ती. जागेची सवय होते, सवयीची रीत होते, रीतीची नीती होते. आता दोन्ही शब्द जोड, झालं बिओ-एथिक. दुसऱ्याच्या आयुष्याला हात घालताना आपण कसं वागायचं, एवढाच त्याचा अर्थ."

"मामा, जात्यावरचा हात काढा. पीठ सांडतंय," मी म्हणाले.

माझी शाळा चौथीत सुटली होती. गाईचं तेवढं समजलं, बाकीचं पिठात गेलं. एकदा मी म्हटलं, "एवढ्यासाठी ग्रीकांकडे कशाला जायचं? रीत तर आपल्याकडे ढीगभर आहे." मामा म्हणाले, "रीत आहे गं. पण ती पाळताना समोरच्याचं काय होतं, ते कोण बघतं?" घरात एवढं बोलणं माझं फक्त मामांशीच. सासूबाईंपुढे माझ्या बांगड्यांचा आवाज निघे, माझा नाही.

मग माझा हात बिघडला. कडबा तोडताना विळा लागला, हळद दाबली, पण हात सुजला, ताप चढला आणि करंगळी अन् तिच्या शेजारचं बोट काळं पडलं. हकीमसाहेबांनी पाहिलं आणि म्हणाले, "यह मेरे बस का नहीं. डॉक्टर के पास ले जाओ, अभी." डॉक्टर कुठून तरी वर उत्तरेकडून आलेले होते, नवीन होते, हिंदी बोलायचे. परक्या पुरुषासमोर सुनेने बसायचं नाही, म्हणून त्यांच्या दवाखान्यात मध्ये चादर धरली. मी आणि सासूबाई अलीकडे, माझा हात पलीकडे. डॉक्टरांनी काहीतरी टोचलं आणि विचारलं, "दर्द होता है?"

दर्द कसला, डोक्यात वीज गेली. पण परका माणूस पलीकडे आणि सासूबाई शेजारी. मी पदर दातांत धरला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी हलले नाही, म्हणून त्यांनी अगदी खरेपणाने सांगितलं, "नहीं होता."

"यहाँ?"

"नहीं."

अंगठा झाला, तळवा झाला, मनगट झालं. मला वाटत होतं औषध टोचतायत. सुई कशासाठी, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सासूबाई पुन्हा पुन्हा 'नहीं' म्हणत होत्या आणि डॉक्टर वर वर सरकत होते. शेवटी ते म्हणाले, हात मेला आहे, विष वर चढेल, मनगटाच्या वरून कापावा लागेल. बाहेर बसलेल्या माझ्या नवऱ्याने खाली मान घालून होकार दिला.

तेवढ्यात शाळा सोडून मामा आले. चादरीजवळ येऊन म्हणाले, "सूनबाई, तुझा हात कापायचा म्हणतात. तुझं काय म्हणणं आहे?"

"तिला काय विचारतोस?" सासूबाई म्हणाल्या. "सांगितलं मी सगळं."

"अक्का, हात तिचा आहे."

"हात तिचा, पण थापतो भाकऱ्या माझ्या घरच्या. मला काय तो कापायची हौस आहे का?"

"मास्टरसाहब, वक्त मत बरबाद कीजिए," डॉक्टर म्हणाले.

मामा खाली फरशीवर बसले. "डॉक्टरसाब, बिओस इसका है," ते म्हणाले. डॉक्टरांना वाटलं, आता यांनाही तपासावं लागणार. मामांनी पुन्हा विचारलं, "सूनबाई, सुई टोचली ती कळली का?"

मी दातांतून पदर सोडला. "दर वेळी कळली, मामा. अंगठ्याला तर फार. फक्त या दोन काळ्या बोटांना नाही."

सासूबाई म्हणाल्या, "अगं भवाने, मग ओरडली का नाहीस?"

"तुम्ही शेजारी होतात ना."

डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने चादर बाजूला केली आणि पहिल्यांदा माझं तोंड पाहिलं. अंगठ्याला सुई लावली. "होता है," मी म्हटलं. तळव्याला लावली. "होता है." मनगटाला लावण्याआधीच म्हटलं, आणि असं खणखणीत म्हटलं की बाहेर बाकावरचे रोगी उठून दारात आले. मामा फरशीवर मांडी ठोकून, कुस्ती पाहावी तसे, शाब्बास शाब्बास म्हणत होते. डॉक्टरांनी पुन्हा दोन्ही काळी बोटं तपासली आणि मला विचारलं, मलाच, "ये दो काटूँ?"

"काटो," मी म्हणाले. कुणा पुरुषाला मी दिलेला तो पहिला हुकूम.

हात वाचला. मला घरी आणताना मामांनी बैलगाडी मुद्दाम इतवाऱ्यातून नेली आणि वाटेत भेटेल त्याला सांगितलं की ग्रीक जिंकलं. कशाशी लढत होतं, हे कुणाला कळलं नाही, पण लोकांनी हात जोडले. हकीमसाहेब ओट्यावरून उठून खाली आले आणि म्हणाले, "मास्टरसाब, आज मान गए, गाँव एक ही है." सासूबाई मात्र शेजारणींना सांगत, "मीच म्हटलं भावाला, विचार रे तिला." मी ते खोडलं नाही. पुढे त्या दवाखान्यात चादर राहिली, पण डॉक्टर तिच्याआडून सांगू लागले, "जिसका हाथ है वही बोले." मोहल्ल्यातल्या बायका दवाखान्यात जाण्याआधी मला विचारायला येत, केवढ्या मोठ्याने बोलायचं म्हणून.

मामांची नंतर धूलकोटच्या शाळेत बदली झाली आणि ते तिकडेच रमले. दिवाळीला यायचे, मग तेही कमी झालं. एका उन्हाळ्यात गाडीवान निरोप घेऊन आला, मास्तर गेले, सगळं उरकलं. मी भाकरी थापत होते. हातावरची भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, फुगू दिली. माणूस लांबून आला होता, त्याला वाढली. मग तिथेच चुलीपाशी बसून मोठ्याने रडले. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. पाठचा भाऊ गेला होता, पण परका माणूस समोर जेवत होता, म्हणून त्यांनी पदर दातांत धरला. मग त्यांच्या वाटचंही मीच रडले.