भावाकडून करून घेतलेलं काम

फुलपाड्याचा आमचा फ्लॅट पुन्हा भाड्याने द्यायचा होता, पण आधीच्या भाडेकरूंनी बाथरूमची अशी वाट लावली होती की आत पाय ठेववेना. मीच म्हटलं, माझ्या भावाला देऊ काम. तो लाद्यांची कंत्राटं घेतो. आमच्या खाडीकाठच्या माणसांना बहिणीच्या घरी दर सांगायची लाज वाटते. त्याने सांगितला नाही, माझ्या नवऱ्याने विचारला नाही, आणि मी मूर्खासारखी खूश होते.

दसऱ्याच्या आत काम संपलं. नवे भाडेकरू राहायला आले, भावाने बिल पाठवलं, आणि नवऱ्याचा खरा स्वभाव बाहेर आला. भाडेकरूंच्या घरात तो गुडघ्यांवर बसून एकेक लादी नाण्याने वाजवत फिरला. पोकळ वाजली की खडूने फुली. भाडेकरीण चहाचा कप हातात धरून बघत होती, आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. बाहेर पडल्यावर म्हणाला, निम्मेच पैसे देईन.

मी सांगून पाहिलं की कारागिरांना दिवाळीआधी मजुरी द्यावीच लागते. तो म्हणाला, मग देऊ दे की, तुझा भाऊ मोठा कंत्राटदार आहे. भावाने दिली. वहिनीच्या पाटल्या गहाण टाकून दिली, हे मला आईकडून कळलं.

भाऊबीजेला तो आला. पाटावर बसला, मी कुंकू लावलं, आणि नेमका तेव्हाच नवरा आतून पैशांचं पाकीट घेऊन आला. "घ्या, निम्मे आहेत. ओवाळणीची सोय झाली," म्हणत त्याने ते भावाच्या मांडीवर टाकलं. स्वतःच्या विनोदावर तो बराच वेळ हसला.

भावाने पाकीट उघडलं नाही. माझं ओवाळून झाल्यावर ते तसंच्या तसं माझ्या ताटात ठेवलं आणि उठला.

"ताय, आता तुजं-माजं काय पन बाकी नाय."

तो न जेवता गेला. मी जिन्यापर्यंत धावले आणि तिथेच थांबले. राग दोघांचाही आला होता, त्यातही भावाचा जास्त, कारण नवऱ्याकडून मला कसली अपेक्षाच उरली नव्हती. परत आले तर ताटात नुसतं निरांजन होतं. पाकीट नवऱ्याने खिशात घातलं होतं, आणि तो जेवायला वाढ म्हणत होता.