मारक्या म्हशीचा आडोसा

बनाबाईच्या म्हशीची अख्ख्या गावाला दहशत होती. राधानगरीकडच्या त्या गावात तिनं भले भले गडी पळवून लावले होते. बनाबाईचा लेक विजयसिंह तर गोठ्याच्या दारातूनच माघारी फिरायचा. नात क्रांती मात्र लहानपणापासून त्याच म्हशीच्या दावणीशी गोधडी टाकून निजायची. आईबाप गेलेली पोर जनावराला किती जीव लावते, असं बनाबाई डेअरीच्या रांगेत कौतुकानं सांगायची आणि बायका माना डोलवायच्या.

पुढं क्रांतीनं शाळेतल्या बाईंपाशी तोंड उघडलं. चुलत्यानं घरातच तिच्यावर अत्याचार केल्याचं कोर्टात शाबीत झालं आणि विजयसिंह कळंब्याच्या तुरुंगात गेला. त्यानंतर क्रांती घरात निजू लागली. पोर मोठी झाली, बनाबाईला वाटलं. निकाल तिनं कानांनी ऐकला होता, पण मनानं घेतला नव्हता. पोटचं पोर असं करील, हे कुठल्या आईला पटावं? ती कळंब्याला भेटीला जायची, लेकाकडे बघून रडायची, आणि घरी आल्यावर क्रांतीला वाढताना तिच्या तोंडाकडं बघायची नाही.

अशात दीर हंबीरराव आले. अपील दाखल झालं होतं. आता मुंबई गाठायला नको, हायकोर्टाचं बेंच कोल्हापुरातच आलं होतं. वकिलाचं म्हणणं, अपिलाचा निकाल लागेपर्यंत जामीन मागू. आईनं फक्त लिहून द्यायचं की लेक माझ्या घरी राहील आणि नात दुसरीकडं जाईल. पोरीसाठी हंबीररावांनी लांबचं वसतिगृहही हेरून ठेवलं होतं. माणूस मोठा तयारीचा! बनाबाईनं उद्या सहीला येते म्हणून सांगितलं.

भांडी घासता घासता क्रांतीनं सगळं ऐकलं. संध्याकाळी बनाबाई धार काढायला गेली, तर दावणीशी ती जुनी गोधडी अंथरलेली आणि शेजारी दप्तर.

"हितं कशाला आलीस?"

"मला लांब नगं पाठवू, आज्जी. काका आलं तर मी हितंच ऱ्हाईन. म्हशीजवळ ते येत न्हाईत."

बनाबाई चरवी घेऊन तशीच उभी राहिली. इतकी वर्षं पोर जनावराच्या आडोशाला जीव मुठीत धरून निजत होती आणि आपण डेअरीत तिचं कौतुक सांगत होतो. तिला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी हंबीरराव गाडी घेऊन आले, तेव्हा ती आवरून बसलेली नव्हती.

"भावजी, अपील त्याचा हक्क हाय, त्यानं लढवावं. पर ह्या घराचा पत्ता त्यात घालू नगा."

लेक आत कुजून मरंल, म्हणून हंबीररावांनी सांगून पाहिलं. मग चिडून म्हणाले, "तुमी आई हायसा न्हवं त्याची?"

"व्हय," बनाबाई म्हणाली. तिला रडू आवरेना. "म्हणून तर आजवर हिच्याकडं बघितलं न्हाय."

मग ती गोठ्यात गेली आणि गोधडी उचलून आपल्या अंथरुणाशेजारी आणून टाकली.