गुलाबरावांची जीभ

गुलाबराव प्रत्येक गोष्ट चाटून पाहत असत. टाकीत पेट्रोल भरताना बोटावर उडालेला थेंब जिभेवर, इंजिनाचे काळे तेल जिभेवर, आणि बॅटरीत जोर आहे की नाही हे ठरवायचे असेल तर दोन तारांची टोके एकदमच जिभेवर. त्याच जिभेखाली तंबाखू असे. क्षणभर डोळे मिटून ते निकाल सांगत, "खारट हाये. चालते." पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन मी अमरावतीला काकांकडे परतले, त्या दिवशी अंगणात मला प्रथम दिसले ते हेच, आणि मी तोंड फिरवले.

काका संत्र्यांचे आणि भाजीपाल्याचे व्यापारी. त्यांची जुनाट लॉरी बागांतला माल अकोल्याच्या बाजारात नेई, आणि गुलाबराव ती चालवत. तिचा स्टार्टर मी शाळेत असतानाच निकामी झाला होता. तेव्हापासून पुढच्या भोकात लोखंडी हँडल घालून, ते हिसक्याने फिरवूनच इंजिन जागे करावे लागे. हे तंत्र गुलाबरावांखेरीज कोणालाही साधलेले नव्हते. हँडलला हात घालण्यापूर्वी ते लॉरीची समजूत काढत, "चाल माय, अकोल्याले जाऊन येऊ. लोकायसमोर नखरे करू नको." मग पुढच्या चाकाशी पिंक टाकत. त्या जागी जमिनीला कायमचा तपकिरी डाग पडला होता. मी तेथून पदर आवरून जात असे.

"बाई, तुमाले माही किळस येते ना?" त्यांनी एकदा सरळ विचारले.

"येते," मी म्हणाले.

"बरं हाये. खोटं तरी बोलत नाई तुमी."

एका सकाळी हँडल उलटे फिरले आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. हाड बसवणाऱ्याने ते वाकडेच बसवले. काका ओसरीवर सुपारी कातरत म्हणाले, "हातच गेला त गाडीवर ठेवून काय करू? दुसरा पाहतो." दोन माणसे येऊन पाहून गेली, पण लॉरी त्यांना दाद देईना. संत्री बागेत सडू लागली.

गुलाबरावांना सुकाणू धरता येत होते. हँडल तेवढे मारता येत नव्हते. म्हणजे अडचण माणसात नव्हती, यंत्रात होती. मी काकांपुढे प्रस्ताव मांडला: लष्कराने याच बनावटीची, पण अलीकडची एक लॉरी मोडीत काढली आहे, तिचा अधिक ताकदीचा स्टार्टर आणि मोठी बॅटरी बसवावी. यात माझाही स्वार्थ होता. मला एम.एस्सी.साठी नागपूरला जायचे होते आणि "शिकून केलं काय?" हा काकांचा प्रश्न उत्तर मागत होता.

मी आकृती काढली, तारेची जाडी ठरवली. गुलाबरावांनी डाव्या हाताने जोडणी केली. बॅटरीची एक तार लॉरीच्या सांगाड्याला आवळायची असते; मग ते लोखंडच विजेची परतीची वाट बनते. ती जागा मी छत्रीच्या टोकाने, चार हातांवरून दाखवली. त्या ओंगळ गाडीखाली वाकण्याची माझी तयारी नव्हती.

काका पाहायला येऊन उभे राहिले. गुलाबरावांनी बटण दाबले. बटणाचा टक् असा आवाज झाला आणि पुढे काहीच नाही. पुन्हा टक्. काकांनी माझ्याकडे नाही, गुलाबरावांकडे पाहिले. "हिच्या वहीत त बराबर हाये. तुनंच जोडनीत घोळ केला असशीन."

"थांबा मालक," म्हणत गुलाबराव गाडीखाली सरपटले. बॅटरीच्या दुसऱ्या टोकाची बारीक तार त्यांनी जिभेवर धरली, आणखी एका तारेचे एक टोकही जिभेवर ठेवले, आणि तिच्या दुसऱ्या टोकाने आधी आवळलेल्या जोडाला, मग शेजारच्या लोखंडाला स्पर्श करून पाहिला. "जोडावर खारट लागते. लोखंडावर फिकं. मधातच काईतरी अडून राह्यलं बाई."

मी प्रथमच खाली वाकले. मी दाखवलेली जागा लाल होती. प्रत्येक दसऱ्याला लॉरीची पूजा करताना गुलाबराव तेथेच तेलात कालवलेला शेंदूर थापत आले होते. वर्षानुवर्षांची ती पुटे बोटाएवढी जाड झाली होती, आणि तार त्यांच्यावरच आवळली होती. तेलातल्या शेंदरातून वीज जात नाही, हे मला ठाऊक होते. तेथे शेंदूर आहे, हे त्यांना ठाऊक होते.

"खरडला काहून नाही?" मी विचारले.

"मारोती हाये तो. मले कसा खरडता येईन?" मग म्हणाले, "तुमी खरडा. माफी मी मागतो."

मी सुरी घेऊन गाडीखाली शिरले. वंगण, शेंदूर, तंबाखूचा दर्प. कोपरापर्यंत हात बरबटले. बाजूला गुलाबराव हात जोडून पुटपुटत होते. लोखंड उघडे पडले, तार पुन्हा आवळली, आणि पहिल्याच दाबाला इंजिन गरजले. काकांनी स्वतः बटण तीनदा दाबून पाहिले. तिसऱ्या वेळी ते हसले.

त्याच आठवड्यात त्यांनी मला नागपूरला जाण्याची परवानगी दिली आणि लॉरी आपल्या मेहुण्याच्या स्वाधीन केली. मी जाब विचारला. "आता ते कोनाच्याबी हातानं सुरू होते," ते शांतपणे म्हणाले, "वाकड्या हाताचा मानूस कायले ठेवू? तुनंच त सोय करून देली." मी गुलाबरावांची नोकरी वाचवण्यास निघाले होते, आणि लॉरी दुसऱ्या कोणाला दाद देत नव्हती म्हणूनच ती टिकली होती; नेमकी तीच अडचण मी काढून टाकली होती. पुढे सुपारी कातरण्याचा आवाज ऐकला तरी मला किळस येई.

गुलाबराव दर्यापूरला बहिणीकडे जायला निघाले, तेव्हा मी फाटकापर्यंत गेले.

"गनित तुमचं बराबर होतं बाई," ते म्हणाले. "मी त्यात नोतो, येवढंच." मग सवयीने पिंक टाकायला वळले, माझ्याकडे पाहिले आणि गिळून टाकली.

नागपूरच्या प्रयोगशाळेत एकदा मी जोडलेले विजेचे मंडल चालेना. मापकयंत्र दुसऱ्या कोणाकडे होते. आसपास कोणी नाही असे पाहून मी दोन तारांची टोके जिभेवर ठेवली. खारट लागले. किळस आली, ती अजून येते. फक्त गुलाबरावांची येत नाही.