ताईने न जाळलेली फाईल

आमच्या ताईने एका संशयित दहशतवाद्याची सरकारी फाईल जाळून टाकली, हे जगात सगळ्यात आधी कोणी सांगितलं असेल तर ते मी. बातम्या नंतर आल्या.

मी विमा एजंट आहे. न आलेल्या संकटांची रसभरीत वर्णनं करणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि ती सवय संध्याकाळी दुकान बंद केल्यावर थांबत नाही. घरातल्या प्रत्येक कार्याला मला पानाच्या तबकासारखं मध्ये ठेवतात आणि म्हणतात, सांगा काहीतरी. मी सांगतो. खरं किती, हे विचारण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, विचुंब्याला आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटी राहते. नोकरी पोलिसांच्या गोपनीय शाखेत, रेकॉर्ड रूम सांभाळायची. तिथे काय चालतं हे तिने इतक्या वर्षांत घरी सांगितलेलं नाही. एकदा मी विचारलं, "आज डब्याला सगळ्यांनी काय आणलं होतं?" तर म्हणाली, "तुला काय करायचंय?"

तिच्या ऑफिसची एकच गोष्ट आमच्या घरापर्यंत यायची, ती म्हणजे रुमाल. जुन्या कागदांचे गठ्ठे ज्या लाल कापडात बांधतात, त्याला तिकडे रुमाल म्हणतात. नवे मागून मिळत नाहीत, म्हणून ताई रिकामे झालेले रुमाल पिशवीत भरून घरी आणायची, गच्चीवर धुवून वाळत घालायची आणि परत न्यायची. आता एवढं भांडवल मिळाल्यावर माझ्यासारखा माणूस गप्प कसा बसेल?

जासईला बायकोच्या चुलतभावाची हळद होती. दुपारची जेवणं झाली, मांडवात माणसं पाय पसरून बसली. एक मेहुणा म्हणाला, "भावजी, ती तुमच्या ताईंची गोष्ट सांगा न. आमी आयकली नाय."

मी मांडी ठोकून बसलो. सांगितलं, की ताई गुप्त फाईल वाचते, वाचून झाली की काडी लावते, राख खाडीत सोडते आणि पुरावा नको म्हणून रुमाल घरी आणून धुते.

"कोनाची फाईल वो?"

कोणाची सांगू? सकाळीच बातम्यांत एक माणूस पकडल्याचं ऐकलं होतं. कुठल्या तरी कटात संशयित, पूर्वी म्हणे रोडपालीत भाड्याने राहायचा. मी म्हटलं, "अरे, तोच! परवा पकडला तो!"

मांडव हसला. एका भाच्याने मोबाईलवर घेतलं. मी पोट आत ओढून बसलो, एवढीच काय ती सावधगिरी.

महिन्याभरात बातमी आली. त्या माणसावर पूर्वी नजर ठेवली होती, त्याची फाईल होती, आणि ती आता सापडत नव्हती. पोलिसांना सगळं आधी माहीत असून त्यांनी काही केलं नाही, हे लपवायला कागद नष्ट केले, असा आरोप झाला. ताईच्या रेकॉर्ड रूमच्या कपाटात त्या फाईलच्या नंबरची चिठ्ठी शिवलेला रुमाल मिळाला. रिकामा. माझ्या आयुष्यात इतकी तंतोतंत जुळलेली थाप दुसरी नाही. दोन दिवसांत जासईचा व्हिडिओ एका लोकल चॅनेलवर लागला. खाली पट्टी: महिला कर्मचाऱ्याच्या भावाची कबुली.

ताईच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. चौकशी लागली. रेकॉर्ड रूमची किल्ली तिच्याकडून काढून घेतली आणि तिला व्हरांड्यात एक खुर्ची दिली. टेबल नाही, नुसती खुर्ची.

संध्याकाळी ती खाली आमच्याकडे आली. मी शिव्यांची तयारी करून बसलो होतो. ती म्हणाली, "व्हिडिओत किती पोट दिसतंय तुझं."

आणि मी, मूर्ख माणूस, विचारून बसलो, "ताई, जाळली नाहीस ना गं?"

तिने कप खाली ठेवला. थाप मारली तेव्हा नाही, पण ह्या प्रश्नाने तिला लागलं, हे मला कळलं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुमची जीभ एकदा विम्यात घाला."

"वर पाठवलेली असणार," ताई म्हणाली. "मोठ्या ऑफिसने बरंच जुनं रेकॉर्ड मागवून घेतलं होतं. पण जावक रजिस्टर नाही आता. मुदत संपली, रीतसर नष्ट केलं. त्या यादीवर माझीच सही आहे."

"मग तसं सांग ना साहेबांना!"

"कागद नसताना? 'असणार' म्हणून जबाब देऊ? हाच नंबर त्या गठ्ठ्यांत होता, असं मला आठवत नाही. कागदाशिवाय मी बोलत नाही. तोंडी बोलायला तू आहेस."

म्हणजे एका घरात दोन माणसं: एक कागदाशिवाय अक्षर न बोलणारं, दुसरं खऱ्याची गरज न भासता बोलत सुटणारं. आणि दोघांनी मिळून तिलाच अडकवलं होतं. तेहतीस वर्षांची नोकरी, एक शेरा वाईट नाही, आणि शेवटी कपाळावर हे.

मला जबाबाला बोलावलं. बायको बरोबर आली, म्हणाली, तुम्हाला एकटं सोडायची सोय नाही. चौकशी अधिकारी शांत गृहस्थ होते. त्यांनी व्हिडिओ लावला. मी म्हटलं, "साहेब, हे सगळं खोटं आहे. मी थापाड्या आहे."

"हे कशावरून खरं मानायचं?"

बायको पुढे सरसावली. "मी सांगते ना. लग्नाआधी ह्यांनी आमच्या वडलांना सांगितलं होतं, आंब्याची बाग आहे. एक झाड आहे, साहेब. तेही शेजाऱ्यांचं."

अधिकारी हसले, पण लिहिलं. मग पेन थांबवून म्हणाले, "ठीक. खोटं झालं. आता डोळ्यांनी काय पाहिलंत ते सांगा. तेवढंच."

तेवढंच! इतका अवघड प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा वाक्याला आपोआप शेपूट फुटायला लागलं, आणि मी थांबलो. शेवटी म्हणालो, "एकदा ताईने खूप रुमाल आणले होते. एरवी पाच-सहा असायचे, तेव्हा दोन पिशव्या होत्या. गच्चीवर वाळत घातले. त्यांचं लाल पाणी टपकलं आणि..."

"आणि माझ्या कुरडया गुलाबी झाल्या!" बायको खुर्चीवरून अर्धी उठली. "केवढं भांडण झालं होतं वन्सं आणि माझं! मुलगी दहावीला होती ते वर्ष. परीक्षा नुकती संपली होती. तेव्हा वन्सं म्हणाल्या, मी तरी काय करू, वरच्या ऑफिसला कागद हवेत आणि रुमाल नकोत. सगळे गठ्ठे सोडले, ब्राऊन पेपरात बांधून गाडीत घातले, आणि रुमाल आले माझ्या गळ्यात."

अधिकाऱ्यांनी पेन पुन्हा उचललं. "म्हणजे रुमाल रिकामा आहे तो कागद जाळले म्हणून नाही?"

"जाळायचे तर रुमाल सोडून कोण धुवत बसेल, साहेब?" बायको म्हणाली.

मुलगी दहावीला कोणत्या वर्षी होती ते त्यांनी लिहून घेतलं. कुरडयासुद्धा लिहिल्या. त्या उन्हाळ्यात खालच्या ऑफिसांतून आलेले गठ्ठे तपासा, असं पत्र त्याच आठवड्यात वर गेलं.

उत्तर यायला पाच आठवडे लागले. ताई रोज डबा घेऊन जायची आणि व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसून परत यायची. मी तिला स्कूटरवर सोडायचो. ती फाटकाच्या अलीकडेच उतरायची, म्हणायची, "आत येऊ नकोस. तुला बघून लोक मोबाईल काढतात."

मग एका दुपारी तिचा फोन आला. फाईल मिळाली. वरच्या ऑफिसात एका खोक्यात, ब्राऊन पेपरसकट, वर ताईच्या अक्षरातला नंबर. गाठ तिनेच मारलेली, अजून तशीच. कोणी जाळली नव्हती, आणि इतक्या वर्षांत कोणी उघडलीही नव्हती. त्याची चौकशी आता वेगळी चालू आहे, त्याबद्दल ताई अर्थातच काही बोलत नाही. पण किल्ली तिच्याकडे परत आली आहे.

आता तिचे सात आठवडे राहिलेत. कुठला गठ्ठा केव्हा कुठे गेला, ह्याची यादी ती करतेय. जे कागदावर नाही तेसुद्धा लिहितेय, पण वेगळ्या पानावर, आणि वर 'आठवणीवरून' असं लिहून. तिच्या बाबतीत ही क्रांतीच म्हणायची.

परवा रविवारी सकाळी वही घेऊन ती खाली आली. बायकोला म्हणाली, "तू पण बस गं." मग माझ्याकडे वळून पेनाचं टोपण काढलं.

"मी अजून कधी कधी रुमाल आणले होते रे? जेवढं पाहिलंस तेवढंच सांग. आणि आठवत नसेल तर आठवत नाही म्हण."

"आठवत नाही," मी म्हटलं, आणि मग, खरंच, एक एक आठवायला लागलं.