उपाशीपोटी तपासलेलं पाणी

उजाडायच्या आधी दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी ब्लॉकमध्ये एकच बाई ओरडायची, आणि तीही एकच प्रश्न विचारत. "भूरा है या सफेद?" समोरच्या बाल्कनीत शाल गुंडाळून, कानटोपी घालून, मोबाइल तोंडापुढे आडवा धरून त्या उभ्या असायच्या. पलीकडून काहीतरी उत्तर यायचं. मग पुन्हा, "ठीक से देखो, बनमाली. बुलबुला तो नहीं रह गया?" एवढं झालं की दार लावून घ्यायच्या. वरच्या मजल्यावर नव्याने बदली होऊन आलेल्या कुटुंबातल्या बाई पहिल्याच आठवड्यात आईला विचारून गेल्या, की या मॅडम कुत्र्याची पिल्लं विकतात का.

आम्ही त्यांना आत्या म्हणायचो. नात्याच्या कुणी नव्हत्या. माझ्या बाबांना त्या भाऊ म्हणायच्या आणि आईला वहिनी, म्हणून आमच्या आत्या. मूळच्या अकोल्याच्या. ज्या गावात उन्हाळ्यात नळाची वाट बघत लोक जागतात, त्या गावातली ही मुलगी शिकून दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीला लागली आणि तिच्या वाट्याला काय यावं, तर पूर्व किनाऱ्यावरचं एक अफाट सरोवर. चिंचोळ्या मुखाने समुद्राला जोडलेलं, अर्धं खारं, अर्धं गोडं. त्याचं पाणी कसं आहे, बिघडतंय की सुधारतंय, हे बघायचं आत्यांचं काम. वर्षातून चार-पाच वेळा तिकडे दौरा. बाकीचे दिवस दिल्लीत, समुद्रापासून शक्य तितक्या लांब.

लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती आणि आईने एकदा विचारलं तेव्हा, "वहिनी, राहून गेलं," एवढंच म्हणाल्या. घरात एक खाट, एक टेबल, भिंतीवर सरोवराचा नकाशा. नकाशात खाली डावीकडे एका कोपऱ्याभोवती पेन्सिलीने गोल काढलेला होता. टीव्ही नव्हता. संध्याकाळी ऑफिसातून आल्या की त्यांच्या घरातून काहीच आवाज यायचा नाही, कुकरची शिट्टीसुद्धा एकच. लहानपणी मला त्या घराची जरा भीती वाटायची. नंतर कळलं की एकट्या माणसाचं घर असंच असतं.

दिल्लीत त्यांचं काम कुणाला समजावून सांगायचं म्हणजे त्यांची परीक्षाच. गणपतीच्या मंडपात, लग्नात, आमच्याकडे नाताळच्या करंज्या खायला आलेल्या पाहुण्यांत, कुठेही ओळख करून दिली की ठरलेला प्रश्न यायचा. "अच्छा, पाण्याचं काम? मग यमुनेचं काहीतरी करा ना." आत्या करंजी बशीत ठेवून शांतपणे सांगायच्या, "यमुनेकडे बघणारे पुष्कळ आहेत. माझ्या सरोवराकडे बघायला माणसं कमी आहेत." पाहुणे हसायचे आणि दुसऱ्या विषयाकडे वळायचे. आत्या पुन्हा करंजी उचलायच्या.

त्या भुऱ्या-सफेदचा अर्थ मला त्यांनी मी कॉलेजात असताना सांगितला. मी शास्त्र शाखेची नव्हते, तरी समजलं. पाण्यातल्या माशांना श्वास घ्यायला पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. काचेच्या बाटलीत पाणी भरायचं, आत हवेचा एक बुडबुडाही राहू द्यायचा नाही, कारण बुडबुड्यात बाहेरचा वायू असतो. मग त्यात दोन औषधांचे थेंब टाकायचे. पाणी तपकिरी झालं तर प्राणवायू आहे. पांढरं झालं तर नाही. नेमका आकडा नंतर तिथल्या प्रयोगशाळेत काढतात, पण रंग होडीतच कळतो. "बुडबुडा राहिला की पाणी खोटं बोलतं," आत्या म्हणाल्या. "त्याचा दोष नसतो. आपण बोलायला लावतो."

त्यांचं सगळं भांडण मात्र वेळेवरून होतं. सरोवराच्या त्या पेन्सिलीच्या कोपऱ्यात पाणी कोंडलेलं. समुद्राची भरती तिथपर्यंत पोचत नाही, आणि तळाला पाणवनस्पती माजलेल्या. दिवसा ऊन पडलं की या वनस्पती भरपूर प्राणवायू सोडतात. रात्री मात्र सोडत नाहीत, उलट असलेला वापरून टाकतात. म्हणजे पाण्याची खरी दशा कळते ती उजाडायच्या आधी. आणि सरकारी होडी निघायची अकराला, साहेबलोकांची पुरी-भाजी आणि चहा झाल्यावर. वर्षानुवर्षं त्या कोपऱ्याचे आकडे उत्तम. "अकरा वाजता माझी पण तब्येत उत्तम असते," आत्या म्हणायच्या. "शुगर कशी उपाशीपोटी तपासतात? तसं पाणी उपाशीपोटी तपासायचं." वरिष्ठांशी भांडभांड भांडून त्यांनी त्या एका कोपऱ्यासाठी रोजची पहाटेची फेरी मंजूर करून घेतली. बनमाली हा तिथला कोळी, त्याची स्वतःची होडी. तो पाणी भरायचा, थेंब टाकायचा आणि रंग फोनवर सांगायचा. भूरा म्हणाला की आत्यांचा दिवस सुरू व्हायचा. सफेद म्हणाला तर त्या दिवशी आमच्याकडे चहाला यायच्या आणि चहा निवून जायचा.

आई त्यांना चिडवायची. "स्वतः मासा तोंडात घालत नाही आणि माशांच्या श्वासाची काळजी." आत्या पक्क्या शाकाहारी होत्या, अंड्याच्या केकलाही हात लावत नसत. त्या म्हणायच्या, "वहिनी, मी खात नाही म्हणून तर मला हिशेब नीट लागतो. जे खातात त्यांना फक्त भाव माहीत."

एकदा त्यांचा फ्रिज बिघडला. सरोवराच्या पाण्याच्या बाटल्या रेल्वेने बर्फाच्या पेटीतून यायच्या आणि नेमक्या शनिवारी आल्या, प्रयोगशाळा बंद. आत्यांनी त्या आमच्या फ्रिजमध्ये आणून ठेवल्या आणि आईला बजावून गेल्या. बाबांना कुणीच बजावलं नाही. सप्टेंबरच्या उकाड्यात बाबा बाजारातून आले, फ्रिज उघडला, एक बाटली तोंडाला लावली आणि अर्धी झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. आई धावत समोर गेली. आत्या आल्या त्या बाबांकडे न बघता बाटलीकडे बघत. "भाऊ, खारट लागलं की मचूळ?"

बाबा तोंड पुसत म्हणाले, "मचूळ."

"बरोबर आहे. पावसाचं पाणी आत आलंय," आत्या म्हणाल्या, आणि मग कुठे त्यांना बाबांची तब्येत विचारायचं सुचलं. मचूळ म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. दिल्लीत वाढलेल्या पोरीला पाण्याच्या दोनच चवी माहीत होत्या, आरओची आणि टँकरची.

पण त्यात पुढे एक गोष्ट झाली, ती बाबा नेहमी सांगतात. उघडलेली बाटली तपासणीला चालत नाही, म्हणून त्या महिन्याची त्या ठिकाणची तक्त्यातली जागा रिकामी राहणार होती. ऑफिसात त्यांना सांगितलं, मॅडम, मागच्या वर्षांची सरासरी टाका आणि चलो, विषय संपला. आत्या ऐकेनात. "मोजलं नाही ते लिहिणार नाही," म्हणाल्या. वरिष्ठांनी शेवटी हात टेकले. बाबा स्वतः लेखा खात्यातले, त्यांना हे फार आवडलं. आपण प्यायलेल्या पाण्यामुळे सरकारी तक्त्यात कायमचं एक भोक पडलंय, असं ते अभिमानाने सांगत.

आत्यांच्या निवृत्तीच्या आधी सरोवरात यंत्रं आली. पाण्यावर तरंगणारी, आपोआप मोजून दिल्लीच्या पडद्यावर आकडे पाठवणारी. आत्यांना यंत्रांचं वावडं नव्हतं, उलट त्यांनीच ती मागितली होती. पण कोपऱ्यातल्या यंत्रावर महिन्याभरात शेवाळाचा थर चढला आणि ते शेवाळच दिवसा प्राणवायू सोडत असल्यामुळे यंत्राची चोवीस तासांची सरासरी खुशाल चांगली येऊ लागली. ते नियमाने घासून पुसून ठेवायला हवं होतं, आणि ते होत नव्हतं. यंत्र आहे म्हटल्यावर बनमालीची फेरी बंद करण्यात आली. आणि त्याच सुमाराला त्या कोपऱ्याच्या काठावर मोठं रिसॉर्ट बांधायचा प्रस्ताव आला. सांडपाणी जाणार कुठे, तर त्या कोंडलेल्या पाण्यात. आकडे चांगले दिसत असल्यामुळे हरकत घ्यायला कारण नव्हतं.

तेव्हा आत्या निवृत्त होऊन क्वार्टर सोडायच्या बेतात होत्या. आम्ही आधीच नोएडाला फ्लॅट घेऊन गेलो होतो. त्यांची भाची अकोल्याहून सारखी बोलवत होती, खोली तयार आहे म्हणून. आत्या गेल्या नाहीत. आमच्याच सेक्टरमध्ये, दोन गल्ल्या सोडून, एक खोली-किचन भाड्याने घेतलं. आईला इतका आनंद झाला की तिने त्यांच्या पडद्यांचं कापड पानिपतहून मागवलं. रविवारी दुपारचं जेवण आमच्याकडे, हे न सांगताच ठरलं. "दिल्लीत अजून कामं आहेत," एवढं आत्या म्हणाल्या होत्या. आम्हाला वाटलं, आम्हालाच सोडवत नाही त्यांना, पण तसं म्हणायला त्या लाजतात.

ती प्रस्तावाची फाइल ज्या समितीपुढे होती, तिथे त्या एकदा स्वतः गेल्या. मी सोबत होते. ज्या फाटकातून त्या उभं आयुष्य आत-बाहेर करत होत्या, तिथे नव्या सुरक्षारक्षकाने त्यांना आधार कार्ड मागितलं आणि छातीवर लावायला पाहुण्यांचा पास दिला. त्यांनी तो नीट लावला. आत त्यांना थोडा वेळ मिळाला. पहाटेच्या सगळ्या जुन्या नोंदी त्यांनी समितीपुढे ठेवल्या आणि बाहेर आल्या. "काय म्हणाले?" मी विचारलं.

"देखेंगे म्हणाले."

मेट्रोत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मधेच म्हणाल्या, "रूथ, पहिल्यांदा पाहिलं ना मी ते सरोवर, तेव्हा मला वाटलं, एवढं पाणी आणि एक लाट नाही. काहीतरी चुकतंय. मग कळलं, ते तसंच असतं. शांत. म्हणून त्याचं दुखणं कुणाला ऐकू येत नाही." स्वतःला काय वाटलं याबद्दल इतकं त्यांच्या तोंडून मी तेवढं एकदाच ऐकलं.

मग वाट बघणं सुरू झालं. आत्या पहाटे उठतच राहिल्या, फोन मात्र कुणाला करायचा नव्हता. आई फिरायला निघायची तेव्हा त्या खाली बाकावर बसलेल्या दिसायच्या, नोएडाच्या त्या धुरकट थंडीत. रविवारी जेवताना कधी कधी म्हणायच्या, "अजून काही कळलं नाही." आम्ही म्हणायचो, कळेल हो, सरकारी काम आहे. भाचीचे फोन येत राहिले आणि त्या पुढचा महिना सांगत राहिल्या.

मी एका वृत्तवाहिनीत काम करते. एका शनिवारी जुनी बातमी शोधताना मला दुसरीच सापडली, कुठल्या तरी प्रादेशिक पानातली चार ओळींची. त्या कोपऱ्यावरच्या रिसॉर्टला परवानगी नाकारली होती. कारण दिलं होतं, पहाटेच्या नोंदींत प्राणवायू वारंवार संपलेला आढळला. कोपऱ्यात कुठलंच सांडपाणी सोडायचं नाही आणि पहाटेची फेरी पुन्हा सुरू करायची, असाही आदेश होता. बातमी कित्येक महिन्यांपूर्वीची होती.

रविवारी आत्या जेवायला आल्या तेव्हा मी त्यांना मोबाइलवर ती दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली. मग आमच्यासमोरच बनमालीला फोन लावला. आता तो ओरडायचा फोन नव्हता, त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "बनमाली, फेरा चालू है?"

स्पीकरवर त्याचा आवाज आला. "हाँ मैडम, कब से चालू है. सर्दी से पहले से."

"मुझे बताया नहीं?"

"मैडम, सब आप ही ने तो किया. हमने सोचा आपको सबसे पहले पता होगा."

ऑफिसातल्या लोकांनीही बहुधा तसंच धरलं असेल. प्रत्येकाला वाटलं की आत्यांना माहीत असणार, आणि त्या इतके महिने एका बाकावर बसून वाट बघत होत्या. मला तेव्हा इतका राग आला की मी उठून स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा आत्या वरणभात कालवत होत्या. "चांगलं झालं," त्या म्हणाल्या. सगळं जेवल्या. जेवल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा, आमच्या सोफ्यावर आडव्या झाल्या आणि दिवेलागणीपर्यंत झोपल्या. आईने त्यांच्या अंगावर चादर घातली.

पुढच्या रविवारी त्यांनी अकोल्याचं तिकीट काढल्याचं सांगितलं. आईला ते खरंच वाटेना. "इतकी वर्षं इथे काढलीत, आता सगळं नीट झालंय तर कशाला जाता?"

"वहिनी, काम झालं," आत्या म्हणाल्या.

हजरत निजामुद्दीनला मी सोडायला गेले. सामान दोनच बॅगा. आईने दिलेली करंज्यांची पुडी त्यांनी मांडीवर धरली होती. गाडी सुटायला वेळ होता आणि मला राहवेना. मी खिडकीशी उभी राहून विचारलं, "आत्या, आम्हाला वाटलं होतं तुम्ही आमच्यासाठी नोएडाला राहिलात. तसं नव्हतं का?"

दुसरं कुणी असतं तर हो म्हणालं असतं. निरोपाच्या वेळी एवढं खोटं कुणीही बोलतं. आत्यांनी नेहमीसारखा विचार केला आणि म्हणाल्या, "नाही गं. त्या निकालासाठी राहिले होते." मग खिडकीच्या गजांतून त्यांनी माझं मनगट धरलं. "पण तुम्ही नसतात, तर मी तो यायच्या आधीच निघून गेले असते."

गाडी हलली तेव्हा त्यांनी हात सोडला. मी फलाटावर बराच वेळ होते. मेट्रोत जागा रिकामी होती, तरी मी नोएडापर्यंत उभीच राहिले.